परवान्याची बंदूक आणि घराचा विमा

महोदय,

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या कलिना येथील तळमजल्यावरच्या घरात आजोबांची परवान्याची दुनळी बंदूक कपाटासकट पाण्यात बुडाली. लाकडी दस्ता फुगून तडकला आणि नळ्यांना आतून गंज चढला. विमा होता, पण यादीत बंदुकीची नोंद नसल्याने कंपनीने भरपाई नाकारली.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरसामानाला आपोआप संरक्षण मिळते. दागिने, चित्रे अशा मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. शिवाय आग, पूर अशा आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तीत धरली जाते. निव्वळ घरफोडीसाठी निराळा विमा लागतो, आणि ही गोष्ट पॉलिसी विकताना सांगितली जात नाही, याची मला मनापासून चीड येते.

परवान्याची शस्त्रे कोणत्या सदरात धरली जातील, हे कंपन्यांनी पॉलिसीवरच लिहून द्यावे. शस्त्रधारकांनीही बंदुकीचा क्रमांक, छायाचित्रे, परवान्याची प्रत आणि मूल्यांकनाचा दाखला घराबाहेर, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. आमची सारी कागदपत्रे त्याच कपाटात भिजली होती.

– एक वाचक, कलिना, मुंबई