मागच्या फळीआड चिकटवलेल्या चिठ्ठीसाठी

आदरणीय महोदय,
सविनय नमस्कार.

आपण दुरुस्त केलेला माझा गिटारचा ॲम्प्लिफायर घरी येऊन तीन आठवडे झाले. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, तापून केशरी दिसू लागेपर्यंत माझा जीव अजूनही रोज टांगणीला लागतो, आणि पहिला स्वर स्वच्छ उमटला की आपली आठवण होते. समोर उभा असताना मला नीट आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

हा फेंडर डिलक्स रिव्हर्ब माझ्या गुरूंचा. तो १९६५ सालचा आहे, हे आतल्या कागदी तक्त्यावरचा वर्ष दाखवणारा, पुसट झालेला ‘ओ’ हा शिक्का पाहून आपणच मला सांगितलेत. गुरूंच्या पश्चात तो माझ्याकडे आला तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घरघर करी आणि थोड्या वेळाने फ्यूज उडे. आपल्याआधी मी दोघांकडे गेलो होतो. एकाने दोनदा नवे व्हॉल्व्ह विकले. घरघर जशीच्या तशी राहिली. दुसऱ्याने दुप्पट क्षमतेचा फ्यूज बसवला. त्यानंतर फ्यूज उडाला नाही, पण ६व्ही६ जातीच्या व्हॉल्व्हच्या आतल्या धातूच्या प्लेटा जास्त करंटने लालबुंद होऊ लागल्या. तेव्हा त्याच गृहस्थांनी ‘यात आता काही राम उरला नाही, आतले सगळे काढून नवा बोर्ड टाका’ असे मला ऐकवले. वीज साठवणाऱ्या एका कपॅसिटरची तपासणी करण्याचे कष्ट ज्यांनी घेतले नाहीत, त्यांनी साठ वर्षे टिकलेल्या वस्तूला इतक्या सहज मोडीत काढावे, याचा राग मला आजही आवरत नाही.

आपण पहिल्या दिवशी तो सुरूच केला नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहू शकतात असे सांगून, मीटर शून्यावर येईपर्यंत आपण मला चेसिसजवळ, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याजवळ, हात नेऊ दिला नाही. फिल्टर कपॅसिटर वाळल्यामुळे घरघर होती आणि व्हॉल्व्हचा करंट आटोक्यात ठेवणाऱ्या बायसचा छोटा कपॅसिटर गेल्यामुळे व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढत होते. आपण गेलेले तेवढेच भाग बदललेत. मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, त्याला धक्काही लावला नाहीत.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेली ती एक चिठ्ठी. घरी आल्यावर मागची फळी काढली, तर आतल्या बाजूला आपल्या सुवाच्य अक्षरात बदललेल्या भागांची नोंद होती आणि खाली एक ओळ होती: ‘बाकी सर्व मूळचे आहे, कृपया जपावे.’ शेजारच्या पाकिटात काढलेले जुने कपॅसिटर होते, आणि तो दुप्पट क्षमतेचा फ्यूजही होता. आधीच्या कारागिरांबद्दल मात्र आपण तोंडाने किंवा लेखी एक अवाक्षरही काढले नव्हते. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, कदाचित कधी पाहणारही नाही, अशा पुढच्या कारागिराला ‘कृपया’ म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. माझ्या गुरूंची वस्तू आपण त्यांच्याइतक्याच आदराने हाताळलीत.

काही वर्षांनी हे कपॅसिटरही वाळतील आणि कुणीतरी ती फळी पुन्हा उघडेल. चिठ्ठी मी जागची हलवलेली नाही.

आपला ऋणी,
एक गिटारवादक