नवे रोहित्रही का जळते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की ‘डीपी जळाली’च्या बातम्या येऊ लागतात. मागणी एकच, नवे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) द्या. ते मिळायलाच हवे. पण त्याच फ्यूजच्या पेटीला आणि त्याच भाराला जोडलेले नवे रोहित्रही टिकत नाही.

६३ केव्हीए (क्षमतेचे एकक) रोहित्राची लघुदाब बाजूची, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या बाजूची क्षमता दर फेजला सुमारे ८४ अँपिअर. ५ अश्वशक्तीचा पंप साडेसात-आठ अँपिअर घेतो. म्हणजे दहा-अकरा पंपांतच रोहित्र भरले. तारांवर आकडे टाकून चोरीच्या विजेवर चालणारे पंप वेगळेच. त्यात स्टार्टरला आपोआप मोटार सुरू करणारा ऑटो स्विच. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. फ्यूज उडणारच. तो सारखा उडतो म्हणून पेटीत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे पदर पिळून बसवतात. मग फ्यूज शाबूत राहतो आणि रोहित्राच्या आतले वाइंडिंग (तारेची वेटोळी) जळते.

ऑटो स्विच काढावेत, किंवा प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावावा. कॅपॅसिटर तर हवाच: ३ अश्वशक्तीला १ केव्हीएआर (कॅपॅसिटरच्या मापाचे एकक), ५ ला २, साडेसातला ३. त्याने पंप खेचतो तो वीजप्रवाह साधारण सहाव्या हिश्श्याने उतरतो. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी बहुतेक स्टार्टरांजवळ तो दिसत नाही.

देखभालीचेही तसेच. ब्रीदरमधली (रोहित्रात हवा आत-बाहेर होते त्या नळीतली) ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी झाली, की ओलावा तेलात उतरू लागला असे समजावे. तेल गळून पातळी खाली गेली की वाइंडिंग थंड राहत नाही. न्यूट्रल, बॉडी आणि लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक) यांचे अर्थिंग वेगवेगळे असावे आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी पडावे. न्यूट्रल तुटला तर कमी भाराच्या फेजवर विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो आणि घरातले टीव्ही, पंखे जळतात.

फ्यूज शेतकऱ्याने स्वतः बदलू नये. रोहित्राची वीज तोडणारा खांबावरचा एबी स्विच ओढल्यावरही एखादे पाते चिकटून राहते. तिन्ही पाती उघडल्याची खात्री करून, डिस्चार्ज रॉड (तारेतली उरलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी) लावूनच वायरमनने हात घालावा.

वितरण कंपनीला विनंती आहे की बदली रोहित्र चढवतानाच पेटीतले फ्यूज योग्य मापाच्या तारेचे करावेत, आणि पंप चालू असताना टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा प्रवाह मोजून तो पेटीच्या दारावर लिहावा.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी