शंका घेणाऱ्यांना मागास ठरवू नका

महोदय,

इलेक्ट्रिक वाहनांचा विषय निघाला की एक बाजू त्यांना प्रदूषणावरचा रामबाण उपाय ठरवते, तर दुसरी 'वीज शेवटी कोळशातूनच येते ना?' म्हणून विषय निकालात काढते. हा आक्षेप खोटा नाही, पण अर्धवट आहे. पेट्रोल इंजिनात इंधनातली जेमतेम २० ते ३० टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते; बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीत बहुतांश ऊर्जा कामी येते, शिवाय वेग कमी करताना थोडी बॅटरीत परत जाते. बॅटरी बनवताना होणारे जादा उत्सर्जन गाडी वापरात राहिली की भरून निघते. वीज जितकी स्वच्छ, तितके लवकर.

हायड्रोजनच्या गाड्यांचा गाजावाजा मात्र मला पटत नाही. विजेने पाण्याचे विघटन करून वायू मिळवायचा, तो ७०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाने टाकीत भरायचा आणि गाडीत त्याचीच पुन्हा वीज करायची! यात मूळ विजेचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो. पोलाद आणि खतांच्या कारखान्यांना हायड्रोजन जरूर द्यावा.

खरी अडचण चार्जिंगची आहे. स्वतःची पार्किंगची जागा असलेला माणूस रात्री प्लग लावून निवांत झोपतो. रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने काय चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची? विजेची गाडी घ्यायला तो कचरला, तर त्याला मागास म्हणणे अन्यायाचे आहे. बंद पडलेला सार्वजनिक चार्जर ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याचे बंधन तो चालवणाऱ्यांवर घातलेच पाहिजे.

– एक वाचक