कान वाजतोय? गोळीआधी ऑडिओग्राम काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्राच्या घडीतून अधूनमधून एक पत्रक पडते : 'कानातील आवाज कायमचा बंद'. सोलापुरात त्याला गिऱ्हाईक भरपूर मिळते, कारण या शहरात वाजणारे कानही भरपूर आहेत. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला लांबवर कुकरची शिट्टी, कुणाला रात्रभर न थांबणारी 'सूंऽऽ'. मग मेडिकलमधून आणलेले थेंब, शेजारणीने सांगितलेले लसणीचे तेल, बी-१२च्या गोळ्या, आणि शेवटी चक्करेवरची बीटाहिस्टीन असे एकामागून एक सुरू होते. वर्ष-दोन वर्षे त्यातच जातात. फाइल जाड होते, पण तिच्यात ऐकण्याच्या तपासणीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, बहुधा नसतोच. रक्तातली साखर न बघता मधुमेहाची गोळी कुणी सुरू करत नाही; कानाच्या बाबतीत मात्र तेच सर्रास चालते.

आतल्या कानात कॉक्लिया नावाचा अडीच वेढ्यांचा शंख आहे. त्यात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या पट्टीच्या पेशी गेल्या त्या पट्टीची खबर मेंदूला मिळेनाशी होते. मेंदू मग आपल्याकडूनच आवाज 'वाढवून' ऐकू पाहतो आणि स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी खरखर सुरू होते. म्हणून शिट्टीची पट्टी बहुतेक वेळा ज्या पट्टीत ऐकणे कमी झाले आहे तिच्या आसपासच निघते. मोजायला गेले तर तिचा जोर ऐकण्याच्या किमान पातळीहून जेमतेम ५ ते १० डेसिबल वर असतो. रुग्णाला हे खरे वाटत नाही, पण त्रास आवाजाच्या जोरापेक्षा त्याच्या भीतीने जास्त होतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकणे चांगले असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले. संपूर्ण शांततेत बहुतेक कान थोडेफार वाजतातच.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांकडे येऊ. धोट्याच्या मागावर पिकर नावाचा ठोसा देणारा भाग धोट्याला, म्हणजे आडवे सूत नेणाऱ्या नळीला, हाणतो, धोटा पलीकडच्या पेटीत आपटून थांबतो, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होते. असे दहा-बारा माग पत्र्याच्या छताखाली शेजारी-शेजारी चालू असले की शेडमधला आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. धोट्याविना चालणारे रेपियर माग आले तिथे धोट्याची आपट गेली, गोंगाट नाही. मीटर नसेल तर साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५च्या पुढे आहे. आरोग्याच्या दृष्टीने ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९१ला दोन तास, ९७ला अर्धा तास, १००ला फक्त पंधरा मिनिटे. कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा याहून सैल आहे, ९० डेसिबलला आठ तास. घराला लागून चार-सहा माग टाकलेल्या शेडपर्यंत तीही पोचत नाही. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे, ही गोष्ट मात्र कामगाराला शेडमध्ये कुणी सांगत नाही.

अशा कानाचा ऑडिओग्राम लगेच ओळखू येतो. २५० ते २,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ हे पट्टीचे माप) रेघ बऱ्यापैकी सरळ चालते, ३,००० पासून घसरते, ४,००० ला खड्ड्यात पडते, समजा ५५ डेसिबलवर (म्हणजे तेवढा मोठा आवाज केला तरच ऐकू येतो), आणि ८,००० ला पुन्हा थोडी वर येते. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असल्याने माणूस 'मला ऐकू येते की' म्हणतो. पण 'स', 'श', 'त', 'फ' ही व्यंजने वरच्या पट्टीतली, ती निसटतात. लग्नाच्या पंगतीत बोलणे कळत नाही, घरात टीव्हीचा आवाज वाढतो आणि सुना-मुलांशी वाद होतात. शिट्टी बहुधा याच खड्ड्यापाशी असते. खड्डा खोल होण्याआधी दिसला तर उरलेले वाचवता येते, म्हणून मागावर काम करणाऱ्याने कान वाजत नसला तरी वर्षातून एकदा ही तपासणी करावी.

कानात कापूस कोंबणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. त्याने जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात, कामगाराला वाटते काम झाले. फोमच्या बोळ्या खूप बऱ्या, पण घालायची पद्धत चुकली की त्याही कापसाइतक्याच. हात धुवा, कारण रंग-तेलाचे बोट बोळीला लागले की कानाला खाज सुटते. बोळी बोटांत लाटून काडीसारखी बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. दुसऱ्या हाताने डोक्यावरून तो कान वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. बोळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून पाहणाऱ्याला बोळी बाहेर आलेली दिसली तर ती बसलेली नाही. पाकिटावरचा २९-३० डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, शेडमध्ये त्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब. सगळ्यात मोठी गफलत वेगळीच आहे. ३० डेसिबल अडवणारी बोळी आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवली, तर पाळीभराचे संरक्षण हिशेबाने १२ डेसिबलवर येते. तंबाखू मळताना, फोन घेताना, मुकादमाशी बोलताना काढलेली बोळी अशी महागात पडते. बोलायचे असेल तर शेडबाहेर जाऊन बोला.

मिरवणुकीतल्या डीजेचेही गणित तेच, फरक इतकाच की कामगाराला मजुरी तरी मिळते. ट्रॉलीवरच्या स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज सहज १००च्या पुढे असतो आणि लोक तिथे तासन्तास नाचतात, खांद्यावर लेकरू घेऊन. दुसऱ्या दिवशी कान सुन्न होऊन वाजतात, मग थांबतात. थांबले म्हणजे भरून आले असे नाही. दोन दिवसांनंतरही शिट्टी राहिली तर तपासणी करून घ्या.

थांबून चालणार नाही अशा खुणा मोजक्याच आहेत, पण घोळ तिथेच होतो. पहिली खूण, सकाळी उठल्यावर एकाच कानाला दडे बसल्यासारखे वाटणे, त्या बाजूने फोन ऐकू न येणे आणि सोबत जोराची शिट्टी. बहुतेक जण सर्दी किंवा मळ समजून शेक घेत आठ दिवस काढतात. घरच्या घरी एक करून पाहा : ओठ मिटून 'हूंऽऽ' करा. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागचा दोष आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर नस गेल्याची शक्यता आहे, आणि मग तो दिवस तातडीचा समजा. हा अचानक आलेला बहिरेपणा आहे. त्यावर स्टेरॉइडचा कोर्स पहिल्या दोन आठवड्यांत, खरे तर पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर उपयोग होतो. दीड महिन्यानंतर फारसे काही हाती राहत नाही. मधुमेह असेल तर गोळ्यांनी साखर भडकते, पण तेच औषध पडद्यातून सुईने कानात देता येते. तेव्हा 'मला शुगर आहे' म्हणून घरी बसू नये. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'ऐकणे अचानक गेले' असे सांगा. 'कान वाजतो' म्हटले की चिठ्ठी रांगेत जाते.

दुसरी खूण, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर 'धप्-धप्' येणे. मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का पाहा. जुळला तर आधी हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि थायरॉइड पाहावे; घरी बिड्या वळत दिवसभर बसणाऱ्या आणि चहा-चपातीवर दिवस काढणाऱ्या बाईत रक्त कमी असणे हे कारण सहज सापडू शकते. ते नसेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. तिसरी खूण, एकाच कानात महिनोन्महिने आवाज आणि त्याच बाजूचे ऐकणे कमी. तिथे ऐकण्याच्या नसेवरची गाठ नाही ना, यासाठी एमआरआय करतात. बहुतेकांचा साफ निघतो, पण न करता गृहीत धरू नये. आवाजाबरोबर घर फिरल्यासारखी चक्कर येत असेल, तीही वीस मिनिटांपासून काही तास टिकणारी, तर मेनिअरचा आजार (हा आतल्या कानाचा) पाहावा लागतो. त्यात मीठ-लोणचे-पापड आवरणे हा उपचाराचाच भाग आहे.

औषधांनीही कान वाजतात. जेंटामायसिन, अमिकासिन, क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड, क्विनाइन आणि जास्त मात्रेतली अॅस्पिरिन. अॅस्पिरिनचा आवाज औषध थांबले की जातो, जेंटामायसिनने गेलेले ऐकणे परत येत नाही. हृदयासाठीची रोजची ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन मात्र या भीतीने बंद करू नका, तिची मात्रा फार कमी असते. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये.

मळाचे कारण सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत जास्त बिघडवलेले. मळ कानाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातच तयार होतो आणि आपोआप बाहेर सरकतो. बड्स, सेफ्टी पिन, आगकाडी, स्कूटरची किल्ली या सगळ्यांनी तो पडद्याकडे ढकलला जातो. सोड्याचे किंवा पॅराफिनचे तीन-चार थेंब दिवसातून दोनदा, असे चार-पाच दिवस घालून मग तो काढावा. पाण्याने धुताना पाणी अंगाइतके कोमट हवे, गार पाण्याने तिथल्या तिथे चक्कर येते. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर यांपैकी काहीच घालायचे नाही, लसणीचे तेल तर नाहीच. त्याने कानाला बुरशी धरते आणि महिनाभर कान उघडून साफ करत बसावे लागते.

आता उपचार. शिट्टी बंद करणारी खात्रीची गोळी आज नाही. बीटाहिस्टीन चक्करेसाठी देतात, कर्णनादावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), जस्त आणि भारी जीवनसत्त्वांचेही तसेच. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर भरून काढा, नसेल तर ते पैसे वाचवा. ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्र हा पहिला उपाय, कारण मेंदूला हरवलेली पट्टी पुन्हा मिळाली की त्याची खरखर कमी होते. यंत्र दुकानातून तयार उचलू नका. ऑडिओग्रामवरून बसवून घ्या आणि ३,००० ते ४,००० हर्ट्झला ते खरेच आवाज देते का, हे मोजायला सांगा.

झोपेसाठी खोली शांत ठेवणे ही उलटी युक्ती आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याच्या घरघरीने झाकलेली शिट्टी थंडीत पंखा बंद झाला की उघडी पडते. पंखा भिंतीकडे वळवून लावा किंवा फोनवर पावसाचा आवाज लावून फोन खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. आवाज शिट्टीहून किंचित कमी असावा, तिला बुडवणारा नको. दोन्ही एकत्र ऐकू येत राहिले तरच मेंदू तिच्याकडे काणाडोळा करायला शिकतो. याला महिने लागतात. त्रास जास्त असेल तर समुपदेशनाची कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी हाच आजघडीला सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार आहे. तिने आवाज जात नाही, त्याची धास्ती जाते. कान वाजून जीव नकोसा झाला असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते. चहा सोडायची गरज नाही, त्याने शिट्टी कमी होते असे दिसलेले नाही. तंबाखू आणि मशेरी मात्र सोडण्यासारखीच.

तपासणीला जाताना एक पथ्य पाळा. आदल्या दिवशीच्या पाळीनंतर कान तात्पुरते सुन्न असतात आणि आलेख खरा येत नाही. म्हणून किमान चौदा तास गोंगाटापासून दूर राहून, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जाण्याआधी जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाने सोबत न्या आणि जुना आलेख असेल तर तोही. आवाजबंद खोलीत न बसवता ओपीडीच्या गलक्यात हेडफोन लावून कुणी 'तपासणी' केली तर तो कागद धरू नका. आलेखाची प्रत मागून घ्या. पुढच्या वर्षीचा आलेख तिच्याशेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

आपला,
एक श्रवणतज्ज्ञ वाचक, सोलापूर