अ‍ॅडॅप्टरवर छापलेत 12 व्होल्ट, निघतात 16.4

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरी जोडायच्या ‘मूनलाइट किट’मधील सदोष अ‍ॅडॅप्टर

महोदय,

माशांच्या टाकीत रात्री चांदण्यासारखा निळा उजेड देणारे हे किट गेल्या महिन्यात आपल्याकडून 1,150 रुपयांना मागवले. त्यात सहा निळे एलईडी, दोन रेझिस्टर, वायर आणि 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर होता. माझी खाऱ्या पाण्याची टाकी तीन फुटी आहे. आत मासे आणि मऊ जातीचे प्रवाळ : झोअँथिड, मश्रूम आणि एक लेदर कोरल. (दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, ते मी ठेवत नाही. आपल्या प्रतिनिधीने उगाचच तो विषय काढला म्हणून लिहिले.)

पत्रकात दिल्याप्रमाणे तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले. प्रत्येक ओळीला प्रवाह आवरणारा 120 ओहमचा रेझिस्टर, पट्ट्या तपकिरी-लाल-तपकिरी. हिशेब चोख आहे : निळा एलईडी साधारण 3.2 व्होल्ट घेतो, तिघांचे 9.6, 12 मधून उरलेल्या 2.4 ला 120 ने भागले की 20 मिलिअँपिअर, एलईडीला हवा तेवढाच प्रवाह. पहिल्या रात्री टाकी अशी दिसत होती की जेवायला मला चार हाका माराव्या लागल्या. चौथ्या रात्री एक ओळ गेली, सहाव्या रात्री दुसरी. एका एलईडीच्या आत चिपभोवती करपल्यासारखा तपकिरी डाग आहे.

फोनवर उत्तर मिळाले, “एलईडी उलटे जोडले असतील, सोल्डरिंगला वॉरंटी नाही.” उलटे जोडले असते तर पहिल्याच रात्री पेटले नसते, एवढे तरी आपल्या माणसाला ठाऊक असावे.

मग मल्टिमीटर लावला. नव्या सहा एलईडींचा लोड असताना आपला अ‍ॅडॅप्टर 16.4 व्होल्ट देतो आणि प्रत्येक ओळीतून पन्नासच्या वर मिलिअँपिअर जातात. आत साधा ट्रान्सफॉर्मर आहे, हातात घेतल्यावर वजनावरूनच कळते. असा अ‍ॅडॅप्टर पूर्ण 500 मिलिअँपिअर ओढले तरच 12 वर उतरतो. आपले सहा एलईडी ओढणार 40. लेबलवर मात्र ठळक अक्षरांत ‘रेग्युलेटेड’, म्हणजे लोड कमी-जास्त झाला तरी व्होल्ट तेवढेच. तीच जोडणी जुन्या राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर लावली, तर 19 मिलिअँपिअर येतात आणि तीन आठवडे सुरळीत चालू आहे.

सातव्या रात्री, टाकी पूर्ण अंधारात असताना, माझा फायरफिश जातीचा मासा टाकीबाहेर उडाला. सकाळी स्टँडमागे वाळलेला सापडला. टाकीवर जाळी लावली नव्हती ही चूक माझी. त्याची भरपाई मागत नाही.

मागणी एवढीच : किटचे पैसे परत करा आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतले त्यांना अ‍ॅडॅप्टर बदलून द्या. तेही आत्ता कुठेतरी स्वतःच्याच सोल्डरिंगला दोष देत बसले असतील. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

मीटरच्या आकड्यांचे फोटो व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. अ‍ॅडॅप्टर जपून ठेवला आहे. माणूस पाठवलात तर त्याच्यासमोर मोजून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक, ठाणे