पुराची रेघ कोण दाखवणार?

संपादक महोदय,

पेन्शनला भाड्याचा हातभार म्हणून कोल्हापुरातल्या नागाळा पार्कात विकत घ्यायला जुना फ्लॅट बघत होतो. दोन टक्के दलाली मागणाऱ्या एजंटानं टाइल्स दाखवल्या, ‘भाडेकरू उद्या उभा करतो’ म्हणाला. २०१९ च्या महापुराचं विचारलं, तर ‘इकडं पाणी येत न्हाई, सर!’ खाली पार्किंगच्या खांबावर मात्र छातीएवढी पिवळट रेघ. वॉचमननं २०२१ चीही दाखवली, तीही न विचारता. घरी येऊन सौदा सोडला.

आता एजंटाविना शोधतोय. इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, घरफाळ्याची पावती स्वतः बघतो; मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट वकिलाकडून. पाय दुखतात, ते वेगळं. नव्या प्रकल्पांच्या एजंटांना महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मग जुने फ्लॅट विकणाऱ्या एजंटांना पूररेषा लेखी सांगायची सक्ती का नसावी?

— एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर