मैत्रीच्या मातीतले जीवाणू आधी मोजून घ्या

प्रति,
मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मे महिन्याच्या नागपुरात, कूलरसमोर बसून अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री या संशोधन तळाच्या मातीबद्दल पत्र लिहितोय. हसू आलं तर हसा, पण पुढचं वाचा.

मी इथल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. दरवर्षी एक प्रयोग ठरलेला. ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एखाद्या गॅरेजमागची, जळक्या ऑइलनं चिकट झालेली माती आणायची. दोन फ्लास्कमध्ये पाणी, चिमूटभर क्षार, वर डिझेलचा पातळ थर आणि चमचाभर ती माती. एक फ्लास्क टेबलावर, दुसरा फ्रिजमध्ये. काही दिवसांत टेबलावरचं पाणी गढूळ व्हायचं, तवंग फाटून त्याचे बारीक थेंब व्हायचे. फ्रिजमधला जवळपास होता तसाच. पोरं म्हणायची, ‘सर, थंडीनं मेले वाटते.’ मेलेले नसायचे. आपल्या उन्हाला सरावलेले जीव ते, थंडीत सुस्तावायचे.

ध्रुवाकडच्या मातीत मात्र थंडीतही डिझेल पचवणारे जीवाणू सापडतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, स्फिंगोमोनास ही त्यांतली नेहमीची नावं. स्वच्छ मातीत ते मोजकेच असतात. इंधन सांडलं की त्यांची संख्या वाढते आणि इंधन न सोसणाऱ्या जाती मागे पडतात. म्हणजे माती वरून तशीच दिसली तरी आतली वस्ती बदललेली असते.

तरीही तिथलं तेल वर्षानुवर्षं मुरून राहतं, आणि त्याचा सगळा दोष थंडीला देता येत नाही. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. जीवाणूंना वाढायला नायट्रोजन, फॉस्फरस आणि पाणीही लागतं, आणि तिथल्या मातीत या तिन्हींची वानवा. मग खत घाला? घालतात, पण हात राखून. कोरड्या जमिनीत युरिया जास्त पडला की कपाशी करपते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तिथंही तेच होतं: क्षार वाढले की जीवाणूंच्या पेशींतलं पाणीच ओढलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या त्यांच्या केसी तळावर तेलकट माती उकरून तिचे ढीग रचले, त्यांना बेतानं खत आणि हवा दिली, आणि तिथल्याच जीवाणूंकडून काम करून घेतलं. ‘तिथल्याच’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

कारण वर्गात हमखास प्रश्न यायचा: आनंद मोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा जीवाणू बनवला, 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या पेटंटच्या बाजूनं निकालही दिला, मग तोच का नाही नेऊन सोडत? नाही सोडता येत. अंटार्क्टिकाबाबतच्या 1991 च्या माद्रिद करारानुसार बाहेरचे सजीव तिथं नेऊन असे मोकळे सोडता येत नाहीत. निर्जंतुक न केलेली मातीसुद्धा शक्यतो नेऊ नये, असं त्यात आहे. तेव्हा आपल्या हाताशी आहेत ते तिथले जीवाणूच, आणि ते कोण, किती, कुठे, हे आधी माहीत पाहिजे.

आता मुद्द्याचं. शिर्माखर ओॲसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातला आपला मैत्री तळ 1989 पासून चालू आहे. इतकी वर्षं तिथली वीज आणि ऊब मुख्यतः इंधनावर. मोठी गळतीच व्हावी लागते असं नाही. टाक्या भरताना, नळी सोडताना, पिंप हलवताना थोडं थोडं सांडतं, कुठल्याही देशाच्या तळावर. आता मैत्री-2 या नव्या तळाची तयारी चालली आहे. माझी मागणी एकच: नव्या तळासाठी यंत्रं जमिनीला लागण्याआधी तिथली माती तपासून घ्या. नव्या जागेची, जुन्या तळाच्या टाक्या आणि जनरेटरजवळची, आणि तुलनेसाठी माणसाचा वावर नसलेल्या दूरच्या जागेची. तेल किती, जीवाणू कोणते, नायट्रोजन किती, हे सगळं नोंदवा आणि लोकांसमोर ठेवा.

माद्रिद करारानुसार जमिनीवरच्या सोडून दिलेल्या कामाच्या जागा, त्या वापरणाऱ्यांनीच साफ करायच्या असतात. उद्या आपण म्हणू, जुना मैत्री साफ केला. कशाच्या मानानं साफ? स्वच्छ मातीची नोंदच नसेल तर उत्तर कुठून आणणार? जमीन एकदा उकरली गेली की मूळ वस्ती कशी होती हे नंतर कितीही पैसे ओतून कळत नाही.

2022 चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आहे, त्यात अंटार्क्टिक निधीचीही तरतूद आहे. गोव्याचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मोहिमा चालवतं. आमच्या नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, प्रदूषित जमीन आणि पाण्यावरचं काम तिला नवं नाही. दोघांना एकत्र बसवा. फक्त नमुने तिथून इथपर्यंत गोठलेलेच आले पाहिजेत. वाटेत वितळले की थंडीतले जीव मागे पडतात, उबेतले माजतात, आणि अहवालात भलतीच वस्ती उमटते. नागपूरच्या मे महिन्यात वीज गेली तर काय, याचा बंदोबस्तही त्याच कागदावर लिहून घ्या. माझ्या प्रयोगशाळेतले दोन वर्षांचे नमुने असेच गेले होते.

तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात. दिवाळीनंतर निघणाऱ्या पथकाच्या सामानात निर्जंतुक पिशव्या आणि ड्रिल चढवायचे असतील, तर मंजुरीची फाइल पावसाळ्यातच हलायला हवी.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
धरमपेठ, नागपूर